भाविकाच्या पोटाचा फोटो

तळवली,
३ फेब्रुवारी २०२५

सीटी स्कॅन विभागातील मॅडम यांस,

नमस्कार. तुमचं नाव मला माहीत नाही. शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला तुम्ही माझ्या नातीच्या पोटाचा स्कॅन केलात. भाविका तेजस मढवी, वय सहा. मी तिचा आजोबा. तो जड शिशाचा अंगरखा घालून दाराशी उभा होतो तोच.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुर्भ्याच्या कारखान्यात लेथवर तीस वर्षं काढली, त्यात कान गेले. फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि ऐकू आलं नाही की माझा आवाज चढतो. समोरच्याला वाटतं म्हातारा भांडतोय. आज मात्र मी भांडायलाच लिहितोय.

आज सकाळी माझ्या मुलाला तुमच्याकडून फोन आला. स्कॅनचं चित्र दाणेदार आलंय, लिव्हरवर ठिपका आहे की नाही ते सांगता येत नाही, पोरीला परत घेऊन या. बास, एवढंच. कुणी माफी मागितली नाही, का झालं ते सांगितलं नाही.

मॅडम, दोन वर्षांपूर्वी या पोरीची डावी किडनी गाठीसकट काढली. त्यानंतर सात महिने केमो. तेव्हापासून दर सोनोग्राफीला आमच्या घरात दोन दिवस कुणी धड जेवत नाही. गेल्या महिन्यात सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना लिव्हरपाशी काहीतरी शंका आली, म्हणून हा स्कॅन. शनिवारी डायच्या इंजेक्शनसाठी तुमच्या सिस्टरनी तीन ठिकाणी शीर शोधली. आता परत तीच सुई? आणि ते किरण? ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनीच आम्हाला सांगितलंय की लहान मुलांना किरण जपून द्यायचे असतात, विनाकारण एकही स्कॅन नको.

भाविकाच्या आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पोरीचा हात बगितलास का? टोचाला जागा तरी हाय का?" याचं उत्तर तुम्ही द्या.

चूक कुणाची झाली? लेखी सांगा. काउंटरवरच्या सोनम मॅडमकडे ठेवलंत तर मी येऊन घेऊन जाईन.

कमळाकर मढवी


सानपाडा,
४ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मढवी काका,

सप्रेम नमस्कार. मी श्रुती केळस्कर. भाविकाचा स्कॅन मीच केला. तुमचं पत्र दुपारी मिळालं, घरी येऊन पुन्हा वाचलं. फोनवर तुम्हाला ज्या पद्धतीने कळवलं गेलं त्याबद्दल मी मनापासून माफी मागते.

चित्र दाणेदार येण्याचं कारण असं. स्कॅनमध्ये किरण जितके कमी, तितके चित्रात दाणे जास्त. संध्याकाळी अंधारात मोबाइलने फोटो काढला की कसा रवाळ येतो, तसं. मोठ्या माणसाला जेवढे किरण देतो तेवढे मुलांना देत नाही, आणि द्यायचेही नसतात. भाविकाच्या वेळी काही तांत्रिक कारणाने ते गरजेपेक्षाही कमी पडले. म्हणजे तिला जास्त किरण लागले नाहीत, हे आधी सांगते. पण पोटातले अवयव एकमेकांसारखेच करडे दिसतात. त्यात चार-पाच मिलिमीटरचा ठिपका खरा की नुसता दाणा, हे आमच्या डॉ. निशांत सरांना ठरवता येईना.

आता एक विनंती. लगेच दुसऱ्या स्कॅनसाठी येऊ नका. शनिवारची मूळ माहिती मशीनमध्ये अजून आहे. शुक्रवारपर्यंत राहील, मग नव्या पेशंटची माहिती त्या जागी येते. तीच माहिती वापरून चित्र पुन्हा तयार करता येतं. आमच्याकडे दाणे कमी करणारं सॉफ्टवेअर आहे. सरांना ते आवडत नाही, चेहऱ्यावर पावडर थापल्यासारखं चित्र होतं म्हणतात, त्यामुळे मुलांसाठी आम्ही ते फारसं वापरत नाही. पण मी त्यांच्यामागे लागले आहे. उद्यापासून ड्युटी संपल्यावर थांबून करून बघेन. यात भाविकाला यावं लागणार नाही, सुई नाही, किरण नाहीत.

जमेलच असं वचन मात्र देत नाही.

आपली,
श्रुती केळस्कर


तळवली,
६ फेब्रुवारी २०२५

श्रुती मॅडम,

तुमचं पत्र मिळालं. मी एवढं तोडून लिहिलं आणि तुम्ही एवढं समजावून लिहिलंत. आता मला गप्प बसवत नाही.

ते तांत्रिक कारण तुम्ही लिहिलंत, ते तुम्ही माझ्यावर दया म्हणून लिहिलं असं मला वाटतं. कारण मला माहीत आहे. तुम्ही काचेच्या मागे गेलात, टेबल आत सरकलं, आणि भाविकाचा चेहरा मला दिसेनासा झाला. तेव्हा मी ओरडलो. "बाय, घाबरू नको, आजोबा हाय इथं!" माझा आवाज तुम्हाला माहीतच आहे. भाविकाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तुम्ही आधी तीनदा बजावलं होतं, अजिबात हलायचं नाही म्हणून. पोरगी हलली नसती. मी हलवली.

फोटो काढताना कुणी हललं की फोटो बिघडतो, एवढं मलाही कळतं. सोमवारी तुम्हाला जाब विचारणारं पत्र लिहिताना हे मला ठाऊक होतं, पण हात लिहीत गेला.

घरी कुणाला बोललेलो नाही. सूनबाई, प्रिया, पाच आठवड्यांची बाळंतीण आहे. धाकटा अंगावर पितोय, म्हणून तिला येता आलं नाही आणि तिने पोरीला माझ्या भरवशावर पाठवलं. केमोलाही मीच न्यायचो, तेजसची शिफ्ट असायची. निघताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आहात म्हणजे मला टेन्शन नाही." आता तिला काय तोंड दाखवू? रोज विचारते, हॉस्पिटलवाले काय म्हणाले. मी सांगतो, मशीन खराब होतं.

तुम्ही थांबून काम करताय. कुणाला द्यायचा असेल तर दोष माझ्या नावावर लिहा. मी सही करायला येतो.

कमळाकर मढवी


सानपाडा,
८ फेब्रुवारी २०२५

कमळाकर काका,

आधी बातमी. ठिपका नाही.

बुधवारी आणि गुरुवारी बसून मी चित्र नव्याने केलं. एका मिलिमीटरच्या पातळ कापांऐवजी तीन मिलिमीटरचे घेतले, आणि सॉफ्टवेअरने दाणे थोडे थोडे उतरवत गेले. फार उतरवले तर खरी गोष्टही पुसली जाते, म्हणून प्रत्येक पायरीला सरांना बोलावून दाखवत होते. तिसऱ्या वेळी ते खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले, ते उठलेच नाहीत. लिव्हर स्वच्छ दिसलं. तरी खात्री म्हणून काल तेजसदादा भाविकाला घेऊन आले तेव्हा सरांनी स्वतः अर्धा तास सोनोग्राफी केली. त्यातही काही नाही. दुसरा स्कॅन आत्ता करायचा नाही. जूनमधल्या तिच्या ठरलेल्या तपासणीला एकदा नीट करू, असं तिच्या डॉक्टरांचं आणि सरांचं ठरलंय. हे सगळं तुम्हाला घरी कळलंच असेल.

आता जे कळलं नसेल ते. हे मी तुम्हाला पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

भाविका हलल्यामुळे चित्र बिघडलं नाही. हलल्याची खूण वेगळी असते, कडा दुहेरी होतात, पुसट होतात. तिच्या चित्रात प्रत्येक कड रेखीव आहे. तिची मान वळली असेल, पोट हललं नाही. तुमच्या हाकेने काहीही बिघडलेलं नाही.

बिघडलं माझ्यामुळे. मशीनच्या त्या गोलाच्या बरोबर मध्यावर पेशंट यावा लागतो. भिंतीतून एक लाल रेघ येते, ती कुशीवर बरोबर मधोमध पडली पाहिजे. मुलं अंगाने बारीक, म्हणून त्यांच्यासाठी टेबल मोठ्यांपेक्षा वर घ्यावं लागतं. मी टेबल वर घेऊ लागले आणि भाविका किंचाळली. आठवतंय तुम्हाला? तिने माझी ओढणी धरली होती. मी थांबले. लाल रेघ मध्यावर नव्हती, पोटाच्या वरच्या अंगाला होती. टेबल चार सेंटिमीटर खाली होतं. मला ते दिसत होतं. म्हटलं, एवढ्याने काय होतंय, लेकरू रडतंय.

मशीन आधी वरून एक साधी सावली घेतं आणि त्यावरून ठरवतं की माणूस केवढा आहे, किरण किती लागतील. टेबल खाली असल्यामुळे सावली लहान पडली. मशीनला भाविका आहे त्याहून बारीक वाटली, आणि त्याने किरण कमी दिले. ते तांत्रिक कारण म्हणजे मी.

तुम्ही दोष स्वतःच्या नावावर लिहायला सांगितलात ते वाचलं आणि काल सकाळी विभागप्रमुखांना सगळं लेखी दिलं. सूनबाईंना सांगायचं असेल तर माझं नाव सांगा.

श्रुती


तळवली,
९ मार्च २०२५

चि. श्रुती हिस अनेक आशीर्वाद.

महिनाभर उत्तर दिलं नाही. लपवत नाही, रागावलो होतो. पहिले चार दिवस तर फार. मी पाच रात्री डोळ्याला डोळा न लागता काढल्या त्या कशासाठी, असं वाटायचं. पत्र फाडायला काढलं होतं. मग आमची गोजरा, भाविकाची आजी, म्हणाली, "फारायच्या आदी परत वाच." तिलाही मग सांगावं लागलं सगळं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "ती पोर परकी हाय, तरी खरा बोलली. तुजी सून घरची हाय ना?" यावर मी खाली बिल्डिंगच्या आवारात जाऊन बसलो.

तू लिहिलेलं मध्यावर घेण्याचं प्रकरण मला इतर कुणाहीपेक्षा लवकर कळलं. लेथवर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, सेंटरला नसला की पुढचं सगळं वाया. सत्याऐंशी साली मी पंपाचा एक शाफ्ट असाच घालवला. जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटं होती, मोजायची डायल न लावता नुसत्या नजरेने सेंटर केलं. फोरमनने विचारलं तेव्हा मी टूल खराब होतं म्हणालो. त्याने स्टोअरवाल्याला झापलं. ते मी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे तू जे केलंस ते मी केलं नव्हतं. हे लक्षात आल्यावर राग कुठे ठेवायचा ते कळेना.

आता मुद्द्याचं. जूनमध्ये पोरगी परत त्याच टेबलावर झोपणार आणि टेबल वर जाताना परत किंचाळणार. तेव्हा काय करशील? मी महिनाभर तिच्यावर नजर ठेवून आहे. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ती माझा हात सोडत नाही, डोळे मिटून घेते. पण जिना धावत चढते, चार मजले, मागे न बघता. तिला उंचीची भीती नाही. कुणीतरी उचलून वर नेतंय, याची भीती आहे. ऑपरेशनला ट्रॉलीवर घालून नेलं होतं, तेव्हापासून असेल.

म्हणून म्हणतो, टेबल आधीच वर घेऊन ठेव. ती स्वतः चढून जाऊ दे. मी जिना बनवून देतो. टेबलाची उंची जमिनीपासून किती लागेल, आणि बाजूला जागा किती आहे, ते मोजून कळव. नुसत्या नजरेने नको.

तुला नोकरीत त्रास झाला का? तेही लिही.

कमळाकर काका


सानपाडा,
२१ मार्च २०२५

प्रिय काका,

तुमचं पत्र आईलाही वाचून दाखवलं. ती विचारते, काकांना पोळीचे लाडू चालतात का?

त्रास म्हणाल तर, मेमो मिळाला. महिनाभर माझ्या प्रत्येक स्कॅनला सीनियर शेजारी उभे. पहिल्या आठवड्यात लाज वाटली. पण त्यातून एक झालं. सरांनी विचारलं, हे फक्त एकदाच झालंय का? मग आम्ही वर्षभरातले मुलांचे पोटाचे एक्केचाळीस स्कॅन काढून बसलो. सतरांमध्ये टेबल खाली होतं. माझेही होते, इतरांचेही. मोठ्या माणसांच्या सवयीने हात थांबतो. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण चित्र दाणेदार आलं की सगळे म्हणायचे, मुलांचं असंच येतं.

आता भिंतीवर कागद लावलाय. वजनाप्रमाणे किरण किती, सॉफ्टवेअर कुठल्या पायरीवर ठेवायचं, आणि सगळ्यात वर, जाड अक्षरात: लाल रेघ मध्यावर आहे का? पावडर म्हणणारे सर आता स्वतःच मला बोलावतात, "श्रुती, ही पायरी बघ, नस सुटी दिसतेय का?" महिनाभर तुलना केली. मुलांची चित्रं पूर्वीपेक्षा साफ येतायत, किरण न वाढवता.

जिन्याचं विचारलं. विभागप्रमुख आधी हसले, मग अटींची यादी दिली. पायाला रबर हवं, घसरता कामा नये. दोन्ही बाजूंना कठडा. पुसून निर्जंतुक करता आला पाहिजे, म्हणजे उघडं लाकूड नको. आणि मूल चढलं की एका माणसाला झटकन बाजूला सरकवता यायला हवा. टेबल भाविकाएवढ्या मुलासाठी जमिनीपासून चौऱ्याण्णव सेंटिमीटर. टेपने मोजलंय, दोनदा. एखाद-दुसरा सेंटिमीटर वर-खाली नंतर करावा लागेल, पण तेवढं मुलांना कळत नाही. बाजूला जागा सव्वा मीटर.

प्रियाताईंना सांगितलंत का?

श्रुती


तळवली,
२० एप्रिल २०२५

चि. श्रुती,

जिना काल टेम्पोने पोचला. चार पायऱ्या. रंग भाविकाने निवडला, पिवळा. मी राखाडी म्हणत होतो, मळ दिसत नाही, तर म्हणाली, "मग तुमीच चढा." तुमच्या मेंटेनन्सच्या हौसेरावांनी वरच्या पायरीवर उभं राहून दोन उड्या मारल्या असं तेजस सांगत होता. ते नव्वद किलोचे तरी असतील. काही कुरकुरलं तर कळव.

लाडू मिळाले. आईंना नमस्कार.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. हाकेने चित्र बिघडलं नाही हे तू लिहिलंस, ते पटलं. पण मी तिला मशीन खराब होतं म्हणालो, ते खोटं तसंच आहे. रोज ठरवतो. ती भाकऱ्या भाजत असते, कडेवर धाकटा असतो, मी जातो आणि पाणी पिऊन परत येतो.

जूनच्या स्कॅनला मी येणार नाही. प्रिया येईल. मी आलो तर परत ओरडेन.

काका


सानपाडा,
१२ जून २०२५

प्रिय काका,

काल तुम्ही आत आला नाहीत, पण आमच्या गेटबाहेरच्या चहावाल्याकडे पावणेदोन तास बसला होतात, असं सोनम सांगत होती. म्हणून आत काय झालं ते सगळं लिहिते.

शीर पहिल्याच वेळी मिळाली. भाविका रडली, पण थोडंच. मग खोलीत आली. टेबल मी आधीच वर घेऊन ठेवलं होतं. जिन्यापाशी थांबून तिने प्रियाताईंना सांगितलं, "आई, हा आपला हाय." आणि चढली. वर जाऊन स्वतःच आडवी झाली. मी लाल रेघ बघितली, दीड सेंटिमीटर वर घ्यावं लागलं. तिला विचारलं, टेबल जरासं हलेल, चालेल का? म्हणाली, "सांगून हलवलं तर चालतं."

एवढंच होतं काका. फेब्रुवारीत मी तिला सांगितलंच नव्हतं.

तिचे हात डोक्यावर नेताना मी विचारलं, मागच्या वेळी खूप भीती वाटली होती का? ती म्हणाली, "मी उठून पळणारच होते. मग आजोबांचा आवाज आला म्हणून झोपून राहिले." हे तिचे शब्द आहेत, मी एकही घातलेला नाही. प्रियाताई शेजारीच होत्या. त्यांनी ऐकलं. मग भाविकाचा फ्रॉक खाली ओढून नीट केला.

श्वास तिने नऊ सेकंद धरला. स्कॅनला पाचच लागतात.

रिपोर्ट आज सही होऊन जाईल, पण सरांनी तुम्हाला आधी कळवायला सांगितलंय. लिव्हर स्वच्छ. उजवी किडनी छान वाढलीय, एकटीने दोघींचं काम करते. गाठ कुठेही नाही. किरण फेब्रुवारीपेक्षा थोडे जास्त लागले, तेव्हा कमी पडले होते म्हणून. तरी मोठ्या माणसाच्या एक चतुर्थांशही नाहीत. आणि चित्र इतकं साफ आलंय की सर म्हणाले, हे मला शिकवायला हवंय, नाव झाकून ठेव.

पुढची दोन वर्षं फक्त सोनोग्राफी. माझ्याकडे यायचं काम नाही.

श्रुती


तळवली,
१५ जून २०२५

चि. श्रुती,

पत्र काल आलं. गोजराने चष्मा आणून दिला. मी गॅलरीत बसून वाचलं आणि तसाच स्वयंपाकघरात गेलो. प्रिया जवळा परतत होती. मी पत्र तिच्यापुढे धरलं. म्हटलं, "वाच. आणि हे एकच नाही, सगळी वाच." कपाटातली आधीची तिन्ही आणून दिली.

तिने गॅस बंद केला. खाली बसून एकेक वाचलं. मी उभाच. पोरं पलीकडच्या खोलीत होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मशीन खराब नव्हतं, एवढं मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्हाला खोटं बोलता येत नाही. पण मला वाटत होतं, डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितलंय आणि तुम्ही दोघं बापलेक ते माझ्यापासून लपवताय. चार महिने मी रोज भाविकाच्या पोटावरून हात फिरवून बघत होते."

श्रुती, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी माझी लाज झाकत बसलो आणि ती पोर तिकडे रोज मरत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो. ती रडली, मग मीही. गोजरा दाराशी येऊन बघून गेली.

मग प्रियाने डोळे पुसले आणि गॅस पेटवला. म्हणाली, "आता जे असेल ते मला सांगायचं. वाईट असलं तरी. आधी मला." मी हो म्हटलं. तिने ताट वाढलं. तांदळाची भाकरी आणि जवळा. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिने तिसरी न विचारता वाढली, तीही खाल्ली.

तू आता जेवायला ये. रविवार मोकळा असेल तर आईंनाही आण. पत्ता तुझ्याकडे आहेच. चौथा मजला.

काका